पहिल्या स्टार्टचा आवाज

मला राग लवकर येतो हे घरात सगळ्यांना माहीत आहे. पण त्या आठवड्यात आला तसा कधी आला नव्हता, आणि अजून पुरता गेलेला नाही. तेव्हा सांगते ते आधी ऐकून घ्या.

आमची लॉन्ड्री आहे. शर्ट-पँटची नाही, हॉस्पिटलची. चादरी, अभ्रे, पेशंटचे गाऊन, ऑपरेशनच्या खोलीतली हिरवी कापडं. पहाटे मशिनं लावायची, साडेसहाला धुतलेला माल हॉस्पिटलच्या मागच्या दारात पोचवायचा, मळका उचलायचा, दुपारी पुन्हा तेच. मशिनं मी बघते, गाडी नवरा चालवतो. गाडी म्हणजे बावीस वर्षांची पिकअप. इंजिन ठणठणीत, पण अंग सडलेलं. तपासणीवाल्यानं खाली वाकून चासीला बोट लावलं तर बोट आरपार गेलं. महिनाअखेरीनंतर ही रस्त्यावर दिसता कामा नये, म्हणाला. त्यात आमचा माल दोनदा उशिरा पोचला होता आणि मेट्रनबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, तिसऱ्यांदा झालं तर काम दुसऱ्याला. त्यांचंही काही चूक नाही. पेशंटला काय नुसत्या गादीवर निजवायचं?

म्हणजे गाडी हवी होती, आणि न रुसणारी हवी होती. इतक्या वर्षांत बाजूला टाकलेले सगळे पैसे तिच्यात जाणार होते. ती बंद पडली तर हॉस्पिटल गेलं, आणि हॉस्पिटल गेलं तर आम्ही बसलोच घरी हात चोळत.

नवऱ्यानं एक शोधून काढली. चार वर्षांची, पांढरी, वापरलेल्या गाड्यांच्या यार्डात उभी. आतून नव्यासारखी. इंजिन लहान, त्यावर टर्बो बसवलेला. मी हॉस्पिटलच्या मागच्या दाराशी अँब्युलन्सच्या ड्रायव्हरला सहज विचारलं, कारण त्याच्या गाडीला तेच इंजिन. तो हातातला चहा खाली ठेवून म्हणाला, "ताई, चांगलं निघालं तर सोनं आहे. पण आत टायमिंगची साखळी असते. आधीच्या मालकानं ऑइल वेळेवर बदललं नसेल तर ती सैल पडते. सकाळी थंड इंजिनाचा पहिला स्टार्ट ऐका. तीन-चार सेकंद खडखडलं तर हात लावू नका. गरम झाल्यावर ती गप्प बसते. आणि एके दिवशी तुटली की इंजिन भंगारात."

हे मी घरी सांगितलं तर नवरा काय म्हणावा? "दादा ऐकेल ना."

दादा म्हणजे माझे मोठे दीर. पस्तीस वर्षं गॅरेज चालवतात. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाला, आणि डोळे मिटून ऐकायचं, ही त्यांची पद्धत. त्यावरून सगळा भाग त्यांना डॉक्टर म्हणतो. माझ्या नवऱ्यासाठी तर देवच. घराचा रंग, मुलीची शाळा, दुखरा दात, काहीही असो, दादाला विचारू. मी पंचवीस वर्षं हे 'दादाला विचारू' ऐकत आले. भाऊजी माणूस वाईट नाही, पण माझ्या कपाळावरची शीर त्या दोन शब्दांनी आपोआप उडते.

पहिल्यांदा दुपारी गेलो. मी बॉनेटवर हात ठेवला, तर तवा! यार्डवाला म्हणतो, "आत्ताच धुऊन आणली ताई, म्हणून गरम." धुतल्यावर गाडी गरम होते हे मला नवीनच होतं. भाऊजींनी स्क्रू ड्रायव्हर लावला, डोळे मिटले, मान डोलावली. "मस्त आहे." झालं, नवऱ्याचा चेहरा उजळला. मी म्हटलं, मला सकाळी ऐकायचीय. थंड असताना.

दुसऱ्या दिवशी यार्ड उघडायच्या आधीच मी दोघांना फाटकापाशी उभं केलं. मालक आला नव्हता. वॉचमनला मी गोड बोलून किल्ली काढायला लावली. बॉनेट बर्फासारखं गार. नवऱ्यानं किल्ली फिरवली आणि खडखडखडखड! डब्यात खिळे हलवल्यासारखं. मग हळूहळू बारीक टिकटिक, मग गप्प.

आता माझा कान काय आहे ते सांगते. आमच्या मशिनचं बेअरिंग जायच्या आठ दिवस आधी मला कळतं. चार ड्रम एकदम फिरत असले तरी त्यातला कुठला कुरकुरतोय ते मी कपड्यांच्या घड्या घालता घालता सांगते. तेव्हा मला कोणी आवाजातलं शिकवू नये.

भाऊजी मात्र वाकून स्क्रू ड्रायव्हर लावून उभे. सरळ झाले आणि म्हणाले, "लोण्यासारखं चाललंय."

"अहो लोणी काय लोणी! खडखडलं की ढळढळीत!" मी नवऱ्याला म्हटलं. "तुम्ही आत बसला होतात. नाही ऐकलंत?"

नवरा माझ्याकडे बघेना. भावाकडे बघत होता. "दादा म्हणतोय ना," म्हणाला, "मग असेल नवीन इंजिनांचा तसा आवाज. उद्या कागद करून टाकू."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पस्तीस वर्षांच्या मेकॅनिकला एवढं ऐकू येत नाही? शक्यच नाही. म्हणजे ऐकू आलं आणि गिळलं. का गिळलं? यार्डवाल्यानं हात ओले केले असणार! सख्ख्या भावाच्या गळ्यात फुटकी गाडी मारताय आणि वर डोळे मिटून माना डोलावताय. सकाळभर मी चादरी अशा आपटत होते की कामाच्या बाया माझ्या वाटेला गेल्या नाहीत.

दुपारी गॅरेजवर गेले. जेवणाची वेळ, कॉम्प्रेसर बंद, भाऊजी एकटेच. माझ्याकडे पाठ करून कसलीशी पट्टी घासत होते. राग फार चढला की मी ओरडत नाही, माझा आवाज खाली जातो. दारातूनच म्हटलं, "किती मिळाले, भाऊजी?"

ढिम्म.

"विचारतेय, भावाला विकायचे किती घेतलेत?"

पट्टी घासणं चालूच. वाटलं, काय हा माजोरीपणा! तेवढ्यात त्यांच्या कोपराजवळ ठेवलेला फोन वाजायला लागला. बारीक, किणकिण करणारी रिंग. वाजला, वाजला, वाजून बंद पडला. त्यांनी मानसुद्धा वळवली नाही. मग पट्टी बघायला उजेडाकडे वळले तर समोर मी. दचकून मागे सरकले. "अरे! तू केव्हा आलीस?"

मी काही बोलले नाही, नुसते ओठ हलवले. त्यांची नजर माझ्या तोंडावर खिळली आणि कपाळाला आठ्या पडल्या. मग कळलं त्यांना, की मला कळलंय.

स्टुलावर बसले. म्हणाले, "जाडे आवाज येतात. बारीक गेले. तीन वर्षं झाली."

"मग कामं कशी करता?"

"हातानं. इंजिनावर हात ठेवला की बरंच कळतं. बाकीचं कॉम्प्युटर लावून."

"मग मान का डोलावलीत? सांगायचं होतं ना, येत नाही म्हणून!"

"सगळे माझ्याकडेच बघत होतात गं," ते म्हणाले.

खरं सांगते, मला कीव यायला हवी होती. नाही आली. त्या उत्तरानं मी आणखीच भडकले. तुमची अब्रू राहावी म्हणून आम्ही रस्त्यावर यायचं? बोलले तसं तोंडावर. ते ओठ बघत सगळं ऐकून घेत होते. मग म्हणाले, "त्याला सांगू नकोस. गॅरेज बंद पडेल माझं. बहिऱ्या डॉक्टरकडे कोण येईल? उद्या यार्डात मीच म्हणतो, गाडी नको. इंजिनात काहीतरी खोट काढतो." मी म्हटलं, ठीक आहे. पण उद्या म्हणजे उद्या.

उद्या झालं. यार्डाच्या पत्र्याच्या ऑफिसात टेबलावर कागद मांडलेले, पंखा घरघरतोय, यार्डवाला, त्याचे दोन भागीदार, आम्ही तिघं. भाऊजींनी घसा खाकरला. "मला वाटतं, जरा थांबावं. इंजिन तसं..."

यार्डवाल्यानं कागदातून मान वर केली नाही. खाली बघतच भराभर बोलला, "डॉक्टर, तुम्हीच दोनदा तपासलीत, काल वॉचमनसमोरही मस्तच म्हणालात. आज एका रात्रीत काय बिघडलं? घेऊन टाकायची ना मग?"

भाऊजी त्याच्या टाळूकडे बघत राहिले. शब्द एक कळला नसणार. सगळे उत्तराची वाट बघतायत एवढं मात्र कळलं. म्हणाले, "हो, हो. बरोबर आहे."

आणि नवऱ्यानं पेन उचललं!

मी टेबलावर हात आपटला. सांगू नको म्हणाले होते, सांगायचं नव्हतं, मग तोंडाला आलं ते बोलले. "मला पांढरी गाडी नको! मळते. मला निळी हवी."

नवरा शरमेनं लालबुंद. "अगं, वेड लागलंय का तुला? रंग काय बघतेस!"

यार्डवाला खुर्चीत मागे रेलला. "ताई, आधी बोलायचं नाही का! निळी आहे की. मागच्या बाजूला उभी आहे. तेच मॉडेल, तेच वर्ष, तेच इंजिन!"

भागीदार हसले. यार्डवाला पोट हलवून हसला. नवराही ओशाळं हसला. बायकांना काय, रंग दिला की झालं! आयुष्यात इतकं मूर्ख मला कोणी ठरवलं नव्हतं, आणि तेही माझ्याच तोंडानं. मी भाऊजींकडे बघितलं. सगळे हसतायत म्हणून तेही हसत होते. काय विनोद झाला ते न कळता, माझ्यावरच, छान दात दाखवून.

मग मला आवरलं नाही.

"त्यांना ऐकू येत नाही," मी म्हटलं. "तीन वर्षं झाली. ती साखळी खडखडली तेव्हा त्यांना काहीही ऐकू आलेलं नाही."

हसणं बंद झालं. भाऊजींचं सोडून. ते आपले हसतच होते. मग नवऱ्याचा चेहरा त्यांना दिसला, मग माझा, आणि ओठांवरचं हसू जायला जो वेळ लागला तो मला बघवला नाही. यार्डवाला काहीतरी पुटपुटला, भागीदारानं दुसऱ्याला कोपर मारलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या गॅरेजांमध्ये पसरणार हे तिथेच कळलं. केलं ते केलं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन, आणि पुन्हा मला झोप लागणार नाही.

नवरा उठला. भावाच्या बाजूला गेला, त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि ज्या माणसापुढे जन्मात आवाज चढवला नाही त्याच्यावर खेकसल्यासारखा ओरडला, "दादा! खरं का हे? दादा!"

भाऊजींनी त्याला हातानं बाजूला केलं. "ओरडू नकोस रे," म्हणाले. "समोर उभा राहा आणि नीट बोल. मला दिसायला पाहिजेस."

नवरा समोर येऊन उभा राहिला. हातात ते पेन अजून तसंच. मला वाटलं, आता हा रडणार किंवा माझ्यावर घसरणार, आणि माझ्यावर घसरला तर मीही सोडणार नव्हते.

"दादा," तो एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "ते खडखडत होतं. मला ऐकू आलं होतं. तू मान डोलावलीस, म्हणून मी म्हटलं, मला आलंच नाही."