ओंडक्याखालचे चार पाहुणे

"पाणी भरून तीन दिवस तशीच ठेवा. गळली तर मला दोन शिव्या द्या. नाही गळली, तर विसरून जा मला."

मित्रांनो, मी ऐकलेला हा पहिला आवाज. मी एक जुनी माशांची टाकी आहे. टाकीला कुठले आले कान, असे तुम्ही म्हणाल. पण काचेला आवाज कळतो. कळतो म्हणूनच ती थरथरते. तो आवाज काच कापणाऱ्या कारागिराचा होता. त्याच्या बोटांना कायम पट्ट्या असत. त्याने पाच काचा जोडल्या, सांध्यांत चिकट लेप भरला, अंगठ्याने एकसारखा ओढला आणि मी झाले. मी गळले नाही. ठरल्याप्रमाणे सगळे त्याला विसरून गेले.

मला घरी आणले ते एका चष्मेवाल्याने. पुढे दुकान, मागे घर, आणि मधल्या खोलीत मी. चष्मेवाल्याला एक लेक होती. तिची आई ती रांगायला लागायच्या आधीच गेली होती. बाप-लेक दोघेच. ती माझ्या काचेला नाक लावून उभी राही आणि बाप तिला गमतीने रागे भरे, "नाकाचा ठसा पुसायला माणूस ठेवू का आता?" मग तोच मऊ फडके घेऊन यायचा. पुसता पुसता गुणगुणायचा:

काचेच्या घरामध्ये पाणी निजलं निजलं,
माशांनी ये-जा केली, नाही जागलं जागलं.

खरेच, माझे पाणी निजल्यासारखेच असे. नवे पाणी नुसते ओले असते, मित्रांनो. जुने पाणी जिवंत असते. माझे पाणी वर्षानुवर्षे मुरले होते. त्यात गप्पींची लुडबुड होती, लाल-निळ्या निऑन माशांचा थवा होता आणि कायम फुगून बसलेले एंजलचे एक जोडपे होते. उन्हाचा कवडसा दुपारी माझ्यातून जाई आणि समोरच्या भिंतीवर थरथरत बसे. गिऱ्हाईक नवा चष्मा लावून आले की चष्मेवाला त्याला माझ्यासमोर उभे करी. "लाल रेघवाले किती, मोजा." आकडा बरोबर आला की चष्मा पास. एक आजोबा तर मोजता मोजता तासभर तिथेच बसून राहिले होते. तेव्हा माझे फार कौतुक होई.

मग दिवस पालटले. दुकान बंद झाले. लेक शिकून मोठी झाली. ती पूल तपासते. कुठे चीर गेली आहे, कुठे लोखंड फुगले आहे, ते बघते. त्यासाठी आठ-आठ दिवस गावोगाव असते. घरात उरलो बाबा, मी आणि मासे.

एका सकाळी बाबा माझ्यासमोर बराच वेळ उभे राहिले. एक डोळा झाकला, मग दुसरा. निऑनची लाल रेघ त्यांच्या नजरेतून निसटली होती. पुढे पुढे मधला सगळा भागच धुरकटला. कडेकडेचे तेवढे दिसे. जन्मभर लोकांचे डोळे नीट केलेला माणूस तो. त्याला काय झाले आहे ते त्याला नेमके ठाऊक होते. त्याने ते फक्त मला सांगितले.

"पोरीला कळलं, तर पूल सोडून माझ्या उशाशी बसेल. नकोच ते."

मी काच. मी काय बोलणार?

त्यानंतर आले ते चार प्लेको मासे. लेकीनेच आणले, पाण्याच्या पिशवीतून. बोटाच्या पेराएवढे, पोटाशी तोंड असलेले, जुन्या लाकडाच्या रंगाचे.

"बाबा, शेवाळ धरलंय काचेवर. कामाला माणसं आणलीत."

"जेवूनखाऊन राहतील ना?"

"जेवण हेच त्यांचं काम आहे."

"म्हणजे तुझ्या आत्यासारखंच की."

दोघे पोट धरून हसले. मग तिने पिशवी माझ्या पाण्यावर तरंगत ठेवली. वाटीवाटीने माझे पाणी तिच्यात मिसळले, म्हणजे नवख्यांना एकदम धक्का बसू नये. तळाशी एक वाकडातिकडा ओंडका ठेवला. चौघे पिशवीतून सुटले ते थेट त्याच्याखाली.

"ही छोटी जात, बोटाएवढीच होते, फार वाढत नाही," ती म्हणाली. "ओंडका खरवडतात, शेवाळ खातात. संध्याकाळी काकडीची एक चकती टाका, सकाळी आठवणीने काढा. आणि काच घासू नका बाबा. ते त्यांचं ताट आहे."

बाबांनी मान डोलावली. लेक दुसऱ्या दिवशी कामावर गेली.

रोज तिचा फोन येई. "दिसतात का?" बाबा ऐटीत सांगत, "चारही हजर." ते पाहुणे तर दिवसभर ओंडक्याखाली, लाकडावर लाकडासारखेच. धडधाकट डोळ्यांच्या माणसालाही सापडले नसते. बाबांचे गुपित त्यांच्या आडोशाने निवांत झोपले.

पण बोटांना शेवाळाचा बुळबुळीतपणा लागे. बाबा धास्तावत. पोरगी येईल, काच धूसर बघेल आणि म्हणेल, बाबांना दिसत नाही वाटतं. त्या भीतीने त्यांनी फडके घेतले आणि मला आतून लख्ख केले. रोज. पाहुण्यांचे ताट ते रोज पुसून टाकत होते. संध्याकाळची चकती मात्र न चुकता पडे. सकाळी ते पाण्यात हात घालून चाचपत. कधी सापडे, कधी ती ओंडक्यामागे सरकलेली असे. एक राहिली, दुसरी राहिली, तिसरी राहिली. पाहुणे तरी किती खाणार? उरलेल्या चकत्या मागेच विरघळत गेल्या. माझे पाणी आधी धुरकट, मग पिठाच्या पाण्यासारखे पांढरे झाले. मासे वर येऊन तोंडे उघडू-मिटू लागले.

त्या चौघांतला सर्वांत छोटा एक दिवस पुढच्या काचेला येऊन चिकटला. त्याचे पोट आत गेले होते. बाहेरून बाबांनी नेमका तिथेच तळवा टेकला होता, उगाच, काचेचा गारवा घेत. मध्ये फक्त मी होते. स्वप्नात हाक मारावी आणि आवाज फुटू नये, तसे झाले मला.

लेक दुपारी आली. दारातच थांबली.

"ये," बाबा माझ्या बाजूला हात करून म्हणाले. "बघ पाणी कसं नितळ ठेवलंय. चारही हजर."

तिने पिशवी खाली ठेवली, बाह्या सारल्या. न्हाणीत बादलीत भरून ठेवलेले शिळे पाणी ओढून आणले, नळी लावून माझे निम्मे पाणी काढले. कुजक्या चकत्या वेचल्या. ओंडका हळूच उचलला. त्याला चिकटलेले तीन प्लेको तिने एकेक करून पाण्यात सोडले. मग कोपऱ्यातून तिने काहीतरी उचलले आणि तळहातावर घेतले.

"बाबा, चौथा कुठंय?"

"असेल की. ओंडक्याखाली."

"ओंडका माझ्या हातात आहे, बाबा."

बाबा चाचपत स्टुलावर बसले. नळीतून पाणी तेवढे झुळझुळत होते.

मित्रांनो, तेवढ्यात तुम्हाला एक विनंती करून घेते. नवा जीव घरी आणाल, तर तो काय खातो, कुठे लपतो, ते आधी विचारून घ्या. उरलेले अन्न वेळेवर काढा. माझ्यावरचे थोडे हिरवे राहू द्या. फार लख्ख काच कुणाचे पोट भरत नाही. आणि तुम्हाला एखादी गोष्ट जमेनाशी झाली, तर कुणाला तरी सांगा. माशांना ते सांगता येत नाही, तुम्हाला येते.

लेक बाबांसमोर जमिनीवर बसली. ओला हात तिने त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. ती रागावली नव्हती, रडतही नव्हती. बाबांनी तो हात चाचपला आणि घट्ट धरला.

"दिसत नाही गं मला," ते म्हणाले. "वर्ष होत आलं. तुझा चेहरासुद्धा आता आवाजावरून जुळवतो मी."