बोंबलाची फिल्म

चैत्रालीने सुका बोंबील कागदावर अर्ध्या बोटाने पुढे सरकवला, हात बाजूला घेतला आणि टॅबवर फोटो काढला. पुन्हा सरकवला. पुन्हा फोटो. समाजाच्या हॉलमधला पंखा तिने बंद करून ठेवला होता, वाऱ्याने कागदी आजी उडाली असती म्हणून. घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला तरी तिने तो पुसला नाही.

"झालं?" नम्रताताईने दारातून विचारलं.

"शेवटचं राहिलंय. खिडकी उघडायची."

वरळी कोळीवाड्यात हा वर्ग उन्हाळ्याच्या सुट्टीत सुरू झाला होता. दर शनिवारी, शाळेतल्या मुलांसाठी, मोफत. चित्रं हलवायची कशी, आवाज भरायचा कसा, सगळं नम्रताताई शिकवायची. टॅब दिले होते कोळीवाड्यामागच्या टॉवरमधल्या सोसायटीने. त्याच सोसायटीने मागच्या वर्षी महापालिकेत तक्रार केली होती, की मासळी वाळवल्याने वास येतो.

चैत्राली नववीत होती. तिची फिल्म एका मिनिटाची होती. आजी बोंबील वाळत घालते, एक बोंबील उडी मारून टॉवर चढतो, वर खिडकी उघडते, नाकाला रुमाल लावलेली बाई ओरडते, "वास येतो!" आणि खालून आजी उत्तर देते. तो आवाज खऱ्या आजीचा होता, काशीबाईचा. चैत्रालीने तो मासळी बाजारात, आजीला न सांगता भरून घेतला होता.

"खिरकी लाव गो बाय! दर्या काय आमी काल आनून ठेवला इथं?"

ती पूर्ण फिल्म पहिल्यांदा पाहिली तेव्हा नम्रताताई इतकी हसली की तिला चष्मा काढावा लागला. पुढच्या शनिवारी मात्र ती चैत्रालीला जिन्याखाली घेऊन गेली.

"शेवटचं वाक्य काढावं लागेल, चैत्राली. तिथे म्युझिक टाकू आपण. छान वाटेल."

"का?"

"चिंतामणी साहेबांनी पाहिली. सोसायटीचे अध्यक्ष आहेत ते. फिल्म दाखवायच्या कार्यक्रमाला सगळे तिथलेच येणार. पुढची बॅच त्यांच्याच हातात आहे."

"त्यांनी सांगितलं काढायला?"

नम्रताताई ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "पुढच्या बॅचला चाळीस मुलं आहेत गं. तुझी चुलतबहीण पूर्वीसुद्धा."

चैत्रालीने टॅब तिच्या हातात दिला. "मग माझी दाखवू नका. पण ती माझ्या आईच्या फोनवर पाठवा. आत्ता."

नम्रताताईने पाठवली. पाठवताना ती चैत्रालीकडे बघत नव्हती.

रात्रीच्या जेवणाला काशीबाईला सगळं कळलं. तिने आमटी वाढता वाढता सगळं ऐकून घेतलं.

"काढून टाक ना गो. रोज धा जनांना बोलते मी. एका बोलन्यानं काय जातं? पोरं शिकतात ती शिकू दे."

"तुझंच बोलणं आहे, आजी."

"माजंच हाय, म्हनून सांगते."

चैत्रालीने ताट पुढे सरकवलं. समोर काकाची पूर्वी बसली होती, सातवीतली. वर्ग सुरू झाल्यापासून ती खिडकीला नाक लावून उभी राहायची. तिने चैत्रालीकडे एकदाच पाहिलं आणि उठून हात धुवायला गेली.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला. पुढच्या खुर्च्यांवर टॉवरमधली माणसं, मागे सतरंजीवर कोळीवाडा. एकेक फिल्म झाली, टाळ्या झाल्या. चैत्राली भिंतीला टेकून होती. शेवटी चिंतामणी साहेब माइकपाशी आले.

"आज या मुलांना स्वतःचा आवाज मिळाला," ते म्हणाले. "याहून मोठं समाधान आमच्यासाठी नाही."

चैत्राली उभी राहिली. तिने समोरच्या खुर्चीची पाठ धरली.

"साहेब, माझी फिल्म राहिली."

साहेबांनी नम्रताताईकडे पाहिलं. "काहीतरी तांत्रिक अडचण असेल, बेटा. पुढच्या वेळी दाखवू."

"अडचण नाही. आईच्या फोनमध्ये आहे. एका मिनिटाची आहे फक्त."

"पुढच्या वेळी," साहेब हसून म्हणाले आणि त्यांनी माइक बंद केला.

"मग मी बाहेर दाखवते," चैत्राली मोठ्याने म्हणाली. "ज्यांना बघायची असेल त्यांनी या."

ती दारातून बाहेर पडली तेव्हा मागे कुणीच नव्हतं. तिने फोन एका उपड्या टोपलीवर टेकवून ठेवला आणि वाट पाहिली. आधी शेजारची कमलाबाई आली. मग तिच्या मागून दोन बायका, मग मुलं. आवाज बारीक होता म्हणून सगळे डोक्याला डोकं लावून वाकले. वाक्य आलं आणि कमलाबाई किंचाळून हसली. "परत लाव, परत लाव! माज्या फोनवर पन पाठव!"

काशीबाई गर्दीत कधी घुसली ते कळलं नाही. तिने दोनदा पाहिली.

"येवरी जारी हाय मी?" कागदी आजीच्या गोल पोटाकडे बोट दाखवत ती म्हणाली, आणि पदराने डोळे पुसत तिथेच टोपलीशेजारी बसली.

पुढची बॅच झाली नाही. टॅब पेटीत भरून गेले. हॉलच्या दाराला कुलूप लागलं तेव्हा चाळीस घरांत चैत्रालीचं नाव घेतलं गेलं, आणि सगळीकडे काही चांगलं घेतलं गेलं नाही. पूर्वी तिच्याशी बोलेना.

पुढच्या शनिवारी चैत्रालीने आईचा फोन मागून घेतला, बोंबील वाळत होते त्या मांडवाजवळ चटई टाकली आणि गल्लीत ओरडून सांगितलं, "वर्ग आहे. ज्याला यायचं त्याने यावं." फोन एक आणि पोरं सहा, म्हणून तिने पाळ्या लावल्या. दुसऱ्या आठवड्यात पूर्वी आली. कात्री घेऊन तिने कागदाची होडी कापायला सुरुवात केली. चैत्रालीने चांगला कागद तिच्याकडे सरकवला.

महिन्याभराने एका दुपारी गल्लीच्या तोंडाशी एक बाई उभी राहिली. सोबत अकरा-बारा वर्षांची मुलगी होती, पांढऱ्या शुभ्र बुटांत.

"चैत्राली कोण?" बाईने विचारलं. "आमच्या टॉवरच्या ग्रुपवर तुझी फिल्म कुणीतरी टाकली. ही इरावती. चार दिवस मागे लागलीय, मला असंच करायचंय म्हणून." तिने पर्स उघडली. "फी किती आहे?"

मुलं कात्र्या थांबवून बघत होती. मांडवाखालून काशीबाईही बघत होती.

"फी नाही," चैत्राली म्हणाली. "मोफत आहे. पण बूट काढून बसावं लागेल."

बाईने लेकीकडे पाहिलं. इरावती वाकून बुटाची नाडी सोडायला लागलीच होती.

चैत्रालीने तिच्या हातात एक सुका बोंबील दिला. इरावतीने तो दोन बोटांत धरला, नाकाशी नेला, चेहरा वाकडा केला आणि मग नीट पकडला.

"घट्ट धरू नकोस, तुटेल," चैत्राली म्हणाली. "आणि जरा सरक. तुझी सावली पडतेय."

इरावती सरकली. पूर्वीने मान वर न करता चटईवरची आपली होडी उचलली आणि तिला जागा करून दिली.