हिरवा उपटायचा

"हिरवा उपटू अन् जांभळा ठेवू? हेमराज, डोक्सं ठिकानावर आहे न तुहं?"

भाताच्या बांधीच्या उंच धुऱ्यावर कमरेवर हात ठेवून धुरपताबाईने मुलाला विचारले. जन्मभर हिरवा तो धान, हेच तिला ठाऊक!

हेमराज हसला. तणनाशकाची फवारणी बंद केल्यापासून त्याच्या शेतात सगळे निंदण हातानेच होई. सावा हे गवत ओळखून काढता यायचे, पण आपोआप उगवणारा जंगली धान लोंबी येईपर्यंत ओळखूच येत नसे. म्हणून यंदा त्याने जांभळ्या पानांचा धान पेरला होता. त्यात हिरवे दिसेल ते तण.

"आंधळ्यालेही समजन, माय!"

धुरपताबाई निंदणाऱ्या बायकांच्या ओळीत जाऊन बसली. दिवाळीपासून तिला सगळे राखेच्या रंगाचे दिसत होते. लाखांदूरच्या डॉक्टरांनी सांगितले होते, डोळ्याची नस सुकली, गेलेली नजर परत येणार नाही. हे तिने घरात कुणाला कळू दिले नव्हते. निंदणात गावात तिचा हात धरणारी बाई नव्हती. तो मानही गेला तर जगायचे कशाला? आजवर निभले, कारण सावा बोटांना कळायचा. पण जंगली धान हाताला धानासारखाच लागत होता. हा ठेवू की तो? तिने एक उपटला. मग दुसरा. देवा, काय करू?

"अवो धुरपताबाई!" ओळीत शेजारी बसलेली शकुनबाई ओरडली. "जांभळाच उपटून राहिली न वो!"

बायका खो खो हसल्या. कुणीतरी म्हणाले, "नवीन बियानं पसंत नाही म्हातारीले!"

हेमराज चिडून धावत आला. "माय, मुद्दाम करून राहिली का? काहून?"

हो म्हटले असते तर अब्रू वाचली असती. हट्टी म्हातारी म्हणून लोकांनी सोडून दिले असते. पण उद्या पुन्हा याच ओळीत बसून पोराचे पीक स्वतःच्या हाताने उपटावे लागले असते.

"नाही रे बापा," ती म्हणाली. "मले रंगच दिसत नाही."

हसणे थांबले. हेमराज एकदा तिच्याकडे, एकदा उपटलेल्या रोपांकडे बघत राहिला.

"पानी आन्तो मी सगळ्यांसाठी," म्हणत धुरपताबाई उठली आणि पायाने धुरा चाचपत निघाली.

शकुनबाई डावीकडे सरकली, पलीकडची बाई उजवीकडे सरकली, मधली धुरपताबाईची जागा बुजली, आणि निंदण पुढे सुरू झाले.