सरदार गोठ्यात हाये

या, असे जवळ सरका. मागच्या बायांनो, तुम्हीही पुढे या. खांबाआड बसून ऐकायची ही गोष्ट नव्हे. कीर्तनात आधी अभंग होतो आणि मग आख्यान. आज अभंग राहू द्या, आख्यानच ऐका. ते पुराणातलं नाही, भंडाऱ्यातल्या करडीकडच्या एका गावातलं आहे. ऐकताना राग आला तर येऊ द्या. देवाच्या दारात खोटं बोललं गेलं की राग यायलाच हवा.

साल पंच्याऐंशी. कोजागिरी होऊन काकडा लागला होता आणि मारुतीच्या देवळात सप्ताह बसला होता. पंतप्रधानबाईंना गोळ्या घातल्या त्याला त्या दिवशी वर्ष होत होतं. म्हणून दुपारच्या कीर्तनात पाहुण्या बुवांनी टाळ थांबवले आणि विचारलं, "मायबापहो, मागच्या साली ती बातमी आली, तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

बुवांच्या मनात काही नव्हतं. पण बायांच्या बाजूला बसलेल्या रुखमेनं मान वर केली. त्याच संध्याकाळी तिचा नवरा जागेश्वर मारला गेला होता, आणि खरं कोणी मारला हे गाव तिला वर्षभर सांगत नव्हतं.

पहिला बोलला यादोराव, भजनी मंडळाचा म्होरक्या, पेटीवर बसलेला. "मी तं बाप्पा वावरात होतो. धान कापून राहिलो होतो. बातमी ऐकली आन् इळाच गळला हातातून."

"मी तुमसरले होतो," केवळराम म्हणाला. "बजारातच रडलो जी, लहान लेकरावानी."

"मी तलावात जाळं टाकून बसलो होतो," भैयालालनं सांगितलं.

रुखमेशेजारच्या धुरपतानं तिला कोपरानं ढोसलं. "पाय वो! सालभरात एक मासा घरी आनला नाई यानं, आन् त्याच दिवशी जाळं टाकून बसला होता म्हने!"

एकेक जण उठत होता आणि सांगत होता. कोणी सासुरवाडीला, कोणी मोहाडीला, कोणी जंगलात. बुवा उपरण्यानं डोळे पुसत होते. रुखमेचे डोळे कोरडे होते.

कारण त्या दिवशी गावात मंडई होती. आपल्या झाडीतली मंडई तुम्हाला काय सांगायची! दिवाळी झाली की गावोगाव जत्रा, शिंगाड्यांचे ढीग, पाळणे, आणि रात्री दंडार, म्हणजे सोंगांचा खेळ. मंडईच्या दिवशी गाव सोडून सासुरवाडीला जाणारा माणूस अजून जन्मला नाही. त्या सालच्या दंडारीत एक राजा होता आणि राजाचा सरदार. सरदाराचं सोंग जागेश्वराचं; सोंगं रंगायची ती गावातल्या एका गोठ्यात. डोक्याला फेटा, तोंडाला अंबाडीच्या वाखाची दाढी, काजळीनं काळी केलेली. दुपारपासून भोंग्यावर पुकारा चालला होता, "सरदार तयार होऊन राहिला हो! दंडारीले या!"

संध्याकाळी रेडिओनं बाई गेल्याचं सांगितलं. मारणारे शीख होते, हे पानठेल्यावर फुटलं. दुःख पचवता न येणारी माणसं राग शोधतात, आणि राग माणूस शोधतो. कोणी ओरडलं, "सरदारायले सोडू नोका!" कोणी विचारलं, "सरदार कुठी हाये?" आणि कोणा भोळ्यानं, दंडारीचंच विचारतात असं समजून, सांगून टाकलं, "सरदार? सरदार तं गोठ्यात हाये."

बैलबंड्यांच्या बाजूंच्या उभाऱ्या, ते जाड दांडके, उपसल्या गेल्या. गोठ्यात अंधार होता. मारता मारता एकानं दाढी ओढली, ती सगळीच्या सगळी हातात आली, तेव्हा थांबले. जागेश्वर भंडाऱ्याच्या दवाखान्याच्या वाटेवरच गेला. गावानं एका तोंडानं ठरवलं की ट्रकमधून बाहेरची माणसं आली आणि मारून गेली. पोलिसांनीही तेच मानलं.

आणि आता, भर कीर्तनात, रुखमा उठून उभी राहिली.

"बुवाजी, मी सांगू का, मी कुठी होती ते?"

"सांग ना माय."

"मी घरी गेली होती, काजळी आनाले. दाढीले कमी पडली म्हून. वापस आली तं माहा मालक गव्हानीत पडला होता." तिनं पदर खोचला. "आता मले सांगा. एक वावरात, एक तुमसरले, एक तलावात. सारं गावच गावाबाहेर होतं. तं मंग माह्या मालकाले मारलं कोनं?"

"ट्रकवाल्यायनं," कोणीतरी पुटपुटलं.

"मंडईत पाय ठेवाले जागा नव्हती. ट्रक का आभायातून उतरला?"

"वैनी, बसा," यादोराव म्हणाला. "हरिकथेत इघन नोको."

"काहून बसू? वरीसभर बसलीच होती ना, भाऊजी. धान कापत होते तुमी? मंडईच्या रोजी? कोनाचं वावर? कोन होतं संगं?"

"वैनी..."

"इळा गळला म्हनता. उभारी कवा गळली?"

"आमाले का मालूम गोठ्यात जागेश्वर हाये म्हून!" यादोराव किंचाळला. "चुकीनं झालं ते!"

पेटीच्या भात्यावरचा त्याचा हात सुटला. भाता सुस्कारत मिटला.

"चुकीनं," रुखमा म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण धुरपता मागे सरकली. "म्हंजे खरा सरदार असता, तं बरोबर होतं? त्याच्या घरी कोनी रुखमा नसती का? तिच्यापुढं तुमी टाळ वाजवले असते?"

सप्ताहात वीणा भुईला टेकवत नाहीत. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि देणारा घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. म्हातारा टेकचंद वीणा घेऊन उभा होता. त्याचा पहारा संपला होता. पुढचा पहारा यादोरावाचा.

"घ्या भाऊजी," रुखमा म्हणाली. "वीना गळ्यात घाला आन् पुन्हा सांगा, मी वावरात होतो."

यादोराव उठला नाही. केवळराम सतरंजीचे धागे ओढत बसला. भैयालाल चपला शोधायला लागला. टेकचंदनं गळ्यातली वीणा काढून पुढे धरली, तेव्हा बुवा ती घ्यायला पुढे झाले. म्हाताऱ्यानं मान हलवली. "नाई बुवाजी. वीना गावाची हाये. गावातल्यानंच घ्यावी."

आणि त्यानं ती रुखमेच्या गळ्यात घातली. "बाईच्या? आन् तेही रांडमुंड बाईच्या?" असं मागे कोणी बोललं. टेकचंदनं ऐकलं, तरी तो वाकला आणि तिच्या पाया पडला. "बाई, मी गोठ्यात नव्हतो," तो म्हणाला, "पन मले पह्यल्या रातीपासून ठावं होतं."

रीत अशी की घेणाऱ्यानंही वाकावं. रुखमा वाकली नाही. तारेला बोट लावून ती सरळ उभी राहिली, आणि एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली. पहारा संपला तरी वीणा मागायला कोणी आलं नाही.

आख्यान इथंच थांबतं. आरतीला हात जोडाल तेव्हा, बाप्पाहो, दंडारीतल्या त्या जागेश्वराला आठवा. आणि त्याच्या जागी एखादा खरा सरदार सापडला असता, तर ज्याचं नावसुद्धा आपण कधी विचारलं नसतं, त्यालाही आठवा.