काळा हंडा

हूफडॉर्प या डच गावाबाहेर, कालव्याच्या कडेला असलेल्या त्या घरात राहायला मिळणं म्हणजे नशीब, असं अजित म्हणे. त्याच्या वडिलांना, दामोदररावांना, मात्र तिथे पहिल्या दिवसापासून आपण चोरून शिरल्यासारखं वाटत होतं. फार पूर्वी इथलं मोठं तळं उपसून जमीन काढली, तेव्हा चिखलात येऊन राहिलेल्या पहिल्या कुटुंबांपैकी एकाचं हे घर. एका संस्थेने ते होतं तसं जपलं होतं. पुढची खोली लोकांना दाखवायची. मागच्या भागात आणि माळ्यावर अजित आणि त्याची बायको चारुता राहत, घराची देखभाल करत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चारुता आलेल्यांना डचमध्ये घराची माहिती सांगे. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, फोडणीचा वास पुढे जाऊ द्यायचा नाही, अशा संस्थेच्या अटी होत्या, आणि त्या सगळ्या चारुताला मनापासून पटलेल्या होत्या.

दामोदरराव चिपळूणला शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले होते. समुद्रसपाटीच्या खालचा हा देश त्यांनी आयुष्यभर फळ्यावर काढला होता. बायको गेल्यावर ते एकटे पडले, म्हणून अजितने ठरवलं, की बाबांनी वर्षातले सहा महिने, तीन उन्हाळ्यात आणि तीन हिवाळ्यात, इथे काढायचे. इतके दिवस पाहुणा ठेवायचा तर संस्थेची परवानगी हवी. ती द्यायची की नाही, हे संस्थेच्या हॅनेकेबाई रविवारी येऊन सांगणार होत्या.

चारुता नको म्हणाली नव्हती. ती फक्त सासऱ्यांशी बोलेनाशी झाली. सासरे समोर बसलेले असताना ती म्हणे, ‘अजित, बाबांना सांग, बाथरूमचा दिवा चालू राहिलाय.’ एकदा बुटाची नाडी बांधायला दामोदरराव पुढच्या खोलीत भिंतीतल्या कपाटवजा पलंगाच्या कडेवर टेकले. तेव्हा तेवढं तिने थेट सुनावलं, ‘ती वस्तू आहे, बाबा. बसायची जागा नाही.’ आपण खरंच अडचण आहोत का, असं ते रोज स्वतःला विचारत, आणि बहुतेक वेळा उत्तर हो असंच येई.

शनिवारी अजित सायकल काढून सामान आणायला गेला. दामोदरराव पुढच्या खोलीच्या दारात उभे राहिले. चुलीवर टांगलेला तांब्याचा हंडा काळाकुट्ट होता. उद्या बाई येणार, आणि घरात असं भांडं. बायकोमागे देवाची भांडी तेच घासत. हे एक काम आपल्याला जमतं, एवढी त्यांची खात्री होती. त्यांनी चाचरत विचारलं, की हा हंडा घासून ठेवला तर चालेल का.

चारुताने लॅपटॉपवरून मान वर केली. त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं.

‘घासा की. चिंच फ्रीजच्या वरच्या खणात आहे. मीठ जाडं घ्या, लवकर निघेल.’

इतकं ती त्यांच्याशी कित्येक दिवसांत बोलली नव्हती. चिंच भिजत घालताना दामोदररावांचे हात हलके झाले होते. दुपारपर्यंत बोटं आंबून सुरकुतली, पण हंडा लाल झळकायला लागला. छान निघालाय, असं म्हणून चारुताने तो स्वतःच्या हाताने परत आकड्याला अडकवला. पुढच्या खोलीत काय काळं आणि काय लाल, हे अजितला कधीच ठाऊक नसे. त्याला काही दिसलं नाही.

रविवारी हॅनेकेबाईंना दारातूनच दिसलं. त्यांनी अंगातला कोटसुद्धा काढला नाही. मग दामोदररावांना समजावं म्हणून त्या सावकाश इंग्रजीत बोलल्या. या घरातल्या पहिल्या बाईने पहिल्या हिवाळ्यात त्या हंड्यात रांधलं, आणि त्याच हिवाळ्यात ती तापाने गेली. तिच्या चुलीचा धूर पुसायचा नाही, असं नवऱ्याने सांगितलं. नंतरच्या कुठल्याही पिढीने त्याला फडकं लावलं नाही. लोक ती काजळी पाहायला येत.

‘चारुताच तर दर महिन्याला हे सांगते,’ त्या म्हणाल्या.

दामोदररावांनी सुनेकडे पाहिलं. ती खिडकीतून खाली उतरणारं विमान बघत होती.

अजित गोरामोरा झाला. बाबांना माहीत नव्हतं, वय झालंय त्यांचं, असं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. बाई म्हणाल्या, तेच तर. असा पाहुणा या घरात ठेवता येणार नाही. चारुताने दुःखी चेहऱ्याने मान डोलावली आणि वर सासऱ्यांच्या वतीने माफीही मागितली.

दामोदररावांनी जन्मात कुणाची चहाडी केली नव्हती. गप्प बसावं, परत जावं, हेच त्यांच्या मनात होतं. पण ती माफी त्यांच्या घशाखाली उतरेना. घाबरत, शब्द जुळवत ते इंग्रजीत म्हणाले, ‘मी हिला विचारलं होतं. चिंच कुठे आहे ते हिनेच सांगितलं. मीठ जाडं घ्या म्हणाली.’

बाईंनी चारुताला डचमध्ये काहीतरी विचारलं. खोटं बोलणं तिला अवघड नव्हतं, आणि म्हाताऱ्यापेक्षा तिच्यावर विश्वासही बसला असता. पण ती सासऱ्यांकडे अशा नजरेने पाहत होती, की आता लपवण्यातही तिला कमीपणा वाटत असावा. तिने हो म्हटलं. बाईंनी पुढच्या खोलीची किल्ली मागून घेतली, आणि वर्षअखेरीपर्यंत घर सोडा, एवढंच सांगून त्या गेल्या.

मागच्या स्वयंपाकघरात तिघं बसले.

‘झालं समाधान?’ चारुता म्हणाली. ‘माझं घर होतं हे.’

‘सहा महिने माझंही झालं असतं.’

‘तुमचं कधीच झालं नसतं, बाबा. मी होऊ दिलं नसतं.’

अजितने त्यांना थांबवलं नाही. तो फोनवर डीमन गावातली भाड्याची घरं बघू लागला होता. थोड्या वेळाने मान वर न करता त्याने विचारलं, एक बेडरूमचं बघू, की दोन?

‘एक,’ चारुता म्हणाली.

अजितने वडिलांकडे पाहिलं. त्यांनी एक शब्द बोलावा म्हणून तो थांबला असावा. पण दामोदररावांपाशी होतं ते सगळं मघाशी पुढच्या खोलीत बोलून झालं होतं. अजितने नजर खाली वळवली आणि एक दाबलं.