तीन पावलं मागं

आपल्या कुमारचा दोस्त शिमोन, अलिबागचा ज्यू. दिवस बुडायच्या आत त्याला सांजेची प्रार्थना करायची होती, म्हणून बेळगुंदीजवळ गाडी थांबवली आन् गडी गवतात पश्चिमेकडं तोंड करून, पाय जुळवून हुभा ऱ्हायला. तेवढ्यात शेताचे मालक रवळूअण्णा आले.

"कोण रं तू?"

शिमोन डोळं मिटून पुटपुटतच ऱ्हायला.

"अण्णा, प्रार्थनेत बोलाय चालत न्हाय," कुमार कुजबुजला. "शेवटाला तीन पावलं मागं सरला की झालं."

"मागं आमची म्हस बसलीया की."

सूर्य डोंगराला टेकलेला, चुकलं तर परत म्हणाय वेळ कुठला? कुमारनं शेपटी वढली, अण्णांनी शिंगं धरली, पर म्हस आपली रवंथ करतीया.

शिमोन एक पाऊल मागं आला, दुसरं आला, आन् तिसऱ्याला थेट म्हशीच्या पाठीवर बसला. म्हस उठून चालाय लागली. तरीबी गड्यानं वरनंच डावीकडं, उजवीकडं, समोर वाकून प्रार्थना रीतसर पुरी केली, मगच दिवस बुडला.

"पोरगं लई वळणाचं हाय," अण्णा म्हणाले. "पर आता बोलाय चालतंय न्हवं? मग उतर म्हणावं त्याला."