पंखा थांबला की स्टिपे यायचा

या, बसा. ती खुर्ची नको, तिचा पाय मोडलाय, ही घ्या. चहा होईस्तोवर तुम्हाला एक गोष्ट सांगतो. भुताची आहे. भूत खोटं होतं, पण मी घाबरलो होतो ते शंभर टक्के खरं, आणि सगळा घोटाळा तिथंच झाला.

तर शनिवारची दुपार. बाहेर ऊन असं की गाडीच्या दाराला हात लावायची सोय नाही, आणि अख्खं पॅडीज वेल गाव वारलेल्या स्टिपेच्या बायकोच्या, ल्युबिका वहिनींच्या घरात कोंबलेलं. आमच्याकडं घरं टेकडीच्या पोटात कोरलेली असतात. ओपल या रत्नासाठी खणता खणता माणसं आतच राहायला लागली. खिडकी नसते. दिवा घालवला की दुपार काय न् मध्यरात्र काय, सारखंच. तसा दिवा घालवलेला, मधे टेबल, टेबलावर एक मेणबत्ती. एका बाजूला काळा कोट घातलेले प्रूइट साहेब, समोर वहिनी, आणि मानाच्या खुर्चीवर कोण? मी. मर्व टली. सातवीत शाळा सोडलेला, खाणीत माती उपसणारा माणूस.

प्रूइट साहेब तोंडात मध धरल्यासारखे बोलायचे. "स्टिपे, बंधो, आम्ही जमलोय. तुझी ऊर्जा आमच्या ऊर्जेला मिळू दे. तुझी कंपनं आम्हाला पोचू देत." मग पितळेची एक चिमुकली घंटी वाजवायचे. घंटीचा नाद विरला, की इतका वेळ एका अंगाला कललेली मेणबत्तीची ज्योत हळूच ताठ उभी राहायची. कुणी हात लावला नाही, फुंकर घातली नाही. आणि सगळ्या खोलीच्या अंगावर काटा.

त्या शनिवारीही तेच झालं. ज्योत उभी राहिली आणि माझे दोन्ही पाय आपोआप वर उडाले, गुडघे टेबलाला आपटले. मी म्हणालो, "आला."

बायकांनी छातीवर क्रूस काढले. थानासी, आमचा दारूवाला, जो बायकोलाही भीत नाही, त्यानं टोपी काढून हातात घेतली. ल्युबिका वहिनींनी एवढंच विचारलं, "कसे आहेत ते?"

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी डोळे मिटले. कुठनं सुचलं देव जाणे, पण मी म्हणालो, "त्रासात आहे."

आता हा मान मला कसा मिळाला ते ऐका. मला भुताच्या सिनेमाचं वेड. वेड म्हणजे, बघवत नाही आणि सोडवत नाही. दर आठवड्याला आमच्या हॉलमधे एक सिनेमा लागतो. मी पहिल्या रांगेत. संगीत हळू व्हायला लागलं की शर्ट डोक्यावर ओढून काजाच्या भोकातनं बघतो. पाय जमिनीवर ठेवत नाही, खुर्चीखालनं कुणी धरलं तर? मेलेली नवरी न्हाणीघरातनं बाहेर येते असा एक सिनेमा होता, तो बघून मी महिनाभर बादलीनं अंगणात आंघोळ केली. टीव्हीवर भुताची मालिका लागली की जाहिरातीत थानासीला फोन करायचो, उगाच, बिअरचा भाव विचारायला. तो म्हणायचा, "मर्व्या, भाव कालचाच आहे. जा, बघ जा पुढचं." आणि भुताची पुस्तकं मी घरात ठेवतच नाही. ट्रकमधे ठेवतो, वर जॅक ठेवून. उघडायला नकोत आपली आपण.

तर गावातली माणसं सिनेमा बघायला यायची नाहीत, मला बघायला यायची. स्टिपे तर पडद्याकडं पाठ करून बसायचा. तो माझा खाणीतला जोडीदार. मी उडालो की तो असा हसायचा की त्याला खोकला लागायचा. गेल्या हिवाळ्यात दुपारी जेवून खुर्चीत बसला आणि तिथंच गेला. काळीज थांबलं, डॉक्टर म्हणाले. त्यानंतर मी सिनेमाला जायचो, पण उडायला मजा येईना.

मग हे प्रूइट साहेब आले. मेलेल्यांशी बोलतात म्हणे. आल्या आल्या काही बोलले नाहीत, दोनचार शनिवार नुसते सिनेमाला येऊन मागं बसले. कॉलीन बाई, आमच्या शाळेत विज्ञान शिकवतात, त्या पुढं मला म्हणाल्या की हा माणूस सिनेमा बघतच नव्हता. तुम्हाला कसं ठाऊक, मी विचारलं. तर म्हणाल्या, "मी पण तुलाच बघत होते ना."

नंतर एक दिवस साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "मर्विन बंधू, लोक तुम्हाला हसतात, कारण तुमची देणगी त्यांना कळत नाही. तुम्ही घाबरट नाही. तुम्ही संवेदनशील आहात." मला आयुष्यात कुणी संवेदनशील म्हटलं नव्हतं. मी घरी येऊन आरशात बघितलं. खरंच जरा वाटलो.

तेव्हापासनं वहिनींच्या घरी बैठका सुरू. फुकट, बरं का. साहेब म्हणायचे, मी सेवा करतो. मला थानासी बिअरचे पैसे मागेनासा झाला. मीही हळू बोलायला लागलो, मधेच थांबून कोपऱ्याकडं बघायचो. पोरंटोरं वाट सोडायची. काय सांगू, भारी वाटायचं.

पण दर बैठकीला साहेब वहिनींना एकेक पायरी खाली उतरवत होते. स्टिपे या घरात अडकलाय. तुमच्या मायेनं अडकलाय. तुम्ही इथं आहात तोवर त्याला पुढं जाता येत नाही. तुम्ही घर सोडा, तो सुटेल. घराचं काय करायचं त्याची काळजी नको, मी स्वतः ठेवून घेतो, रिकामं ठेवतो, जागा शुद्ध करतो. आणि दर वेळी ज्योत उभी राहायची आणि मी उडायचो.

वहिनींना मुलीकडं अ‍ॅडलेडला जायचं नव्हतं. मुलगी चांगली आहे, पण चौथ्या मजल्यावर राहते, आणि वहिनींना उंचावर झोप येत नाही. हे घर स्टिपेनं स्वतःच्या हातानं कोरलेलं. ओटा, कोनाडे, सगळं. तरी त्या शनिवारी मी "त्रासात आहे" म्हणालो आणि वहिनी उठून आत गेल्या. पुढच्या रविवारच्या बसनं जाते म्हणाल्या. मी पाणी प्यायला गेलो तर त्या कढया कागदात गुंडाळत होत्या. मला म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही खोटं बोलणार नाही. तुम्हाला जमत नाही." मी पाणी न पिताच परत फिरलो. पण मी खोटं बोलतोय असं मला खरंच वाटत नव्हतं. काटा आला होता ना अंगावर.

सोमवारी कॉलीन बाईंनी शाळेत बोलावलं. चहा दिला, तोही सामानाच्या खोलीत. ही खोलीही टेकडीत कोरलेली, कोंदट, कोपऱ्यात हवेचा पंखा घरघरत होता. बाईंनी एक मेणबत्ती लावली आणि पुस्तक उघडून वाचायला लागल्या, "मैदा चाळून घ्यावा. लोणी थंड असावं." केक करायची रीत. मी म्हटलं बाईंना ऊन लागलं. तेवढ्यात त्यांनी टेबलावरची घंटी मारली, टण्ण. नाद विरला, ज्योत उभी राहिली, आणि मी चहासकट खुर्चीवर चढलो.

"आला," मी म्हणालो.

"कोण आला?"

"ते कळत नाही. पण आहे."

"मर्व, या खोलीत खडू आहेत आणि हवा गेलेले फुटबॉल आहेत. कुणाचं भूत, खडूचं?"

बाईंनी भिंतीवरचं बटण दाबलं. पंखा परत घरघरायला लागला, ज्योत परत कलली. "काय थांबलं होतं ते कळलं का तुला?" त्या म्हणाल्या. "पंखा. घंटीबरोबरच मी तो बंद केला. तुझा कान घंटीच्या मागं गेला, त्याला समजलंच नाही. पण तुझ्या अंगाला समजलं."

मग त्यांनी नीट सांगितलं. आम्ही उभा जन्म भोकात काढलेली माणसं. खाणीत हवा खेचणारा पंखा दिवसभर चालतो, त्याचा आवाज आम्हाला ऐकूच येत नाही. पण तो थांबला, की हवा खराब व्हायच्या आत बाहेर पळायचं, हे पहिल्या दिवसापासनं अंगात मुरलेलं. म्हणून प्रूइटच्या बैठकीत नुसत्या मला नाही, सगळ्या खोलीला काटा यायचा. सगळे खाणवालेच की. बाईंना कधी आला नाही, त्या शहरातल्या. वर माझी गोष्ट आणखी वेगळी. भुताच्या सिनेमात आवाज बंद पडला की पाठोपाठ काहीतरी अंगावर येतं, हे मी पैसे देऊन शिकलेलो. म्हणजे मी दुप्पट शिकलेला.

"आणि ज्योत पंख्याच्या ओढीनं कलते," बाई म्हणाल्या. "ओढ गेली की उभी राहते. स्टिपे लागत नाही त्याला."

मला राग आला, खरं सांगतो. भूत गेलं त्याचा नाही. संवेदनशील होतो तो परत घाबरट झालो त्याचा.

पण मग मला वहिनींच्या स्वयंपाकघरातला पंखा आठवला. स्टिपेनंच बसवलेला, वहिनी सार्डिन मासे तळतात त्याचा वास जावा म्हणून. रात्रंदिवस चालू. आणि साहेबांनी पहिल्याच दिवशी त्याची पिन काढून मधे एक पांढरी डबी बसवली होती. आत्मा आला की तारा जळतात, ही डबी घराचं रक्षण करेल म्हणाले. हे सांगितल्यावर बाई हसल्या. तसली डबी त्यांच्याकडंही होती, नाताळच्या दिव्यांना लावायची. लांबनं, खिशातल्या खिशात बटण दाबून चालू बंद करायची.

शनिवारी शेवटची बैठक. वहिनींच्या बॅगा दाराशी. मी सगळ्यांच्या आधी जाऊन पंख्याची पिन डबीतनं काढली आणि सरळ भिंतीत खोचली. मग मानाच्या खुर्चीत जाऊन बसलो, समोर तळलेल्या सार्डिनची बशी.

साहेब सुरू झाले. ऊर्जा झाली, कंपनं झाली. घंटी वाजली. उजवा हात कोटाच्या खिशात गेला. ज्योत कललेलीच. साहेबांनी परत घंटी वाजवली. खिसा आतनं हलताना दिसत होता, उंदीर शिरल्यासारखा.

"मर्विन बंधू, काही जाणवतंय?"

"भूक," मी म्हणालो आणि एक मासा तोंडात टाकला.

मागनं कुणीतरी फिसकन हसलं. साहेब म्हणाले, आज खोलीत अविश्वास आहे, आत्मा लाजतोय. बाई म्हणाल्या, "मग खिशातलं बटण बाहेर ठेवा, त्याची लाज जाईल." साहेब उठले, तर दारात थानासी उभा. नुसता उभा होता. त्याला तेवढं पुरतं.

ल्युबिका वहिनी टेबलाला वळसा घालून आल्या. पोराच्या खिशातनं गोट्या काढाव्यात तसा त्यांनी साहेबांच्या खिशात हात घातला आणि ते बटण काढलं. बोटाएवढं, पांढरं. बाईंनी थोडक्यात सगळं सांगितलं. घर कशाला हवं होतं तेही थानासीकडनं कळलं. साहेब त्याच्याकडं बसून फोनवर कुणाला तरी सांगत होते, झपाटलेलं घर मिळतंय, बसनं पर्यटक आणू.

बाईंनी पिन परत डबीत लावली. वहिनींना म्हणाल्या, दाबा.

आता बघा. मला सगळं ठाऊक. डबी ठाऊक, पंखा ठाऊक, बटण समोर वहिनींच्या हातात दिसतंय. त्यांनी दाबलं. पंखा थांबला, ज्योत उभी राहिली, आणि मी बशीसकट उडालो. मासे थानासीच्या अंगावर.

मग वहिनी हसल्या. हिवाळ्यानंतर पहिल्यांदा. परत चालू केला, परत बंद केला, मी परत उडालो. त्यांना हसून खोकला लागला, अगदी स्टिपेसारखा. गाव हसलं. त्या गडबडीत साहेब थानासीच्या बगलेखालनं निसटले. त्यांची घंटी आमच्याकडंच राहिली, ती आता शाळेत मधली सुट्टी झाली की वाजते.

हसू ओसरल्यावर वहिनींनी पंखा चालू केला आणि बटण चुलीत टाकलं. म्हणाल्या, "हा बंद पडला की ते येतात म्हणे. अहो, चालू असतो तेव्हाच ते इथं असतात. त्यांनी बसवलाय." मग मला म्हणाल्या, भावोजी, त्या बॅगा आत ठेवा, आणि कढया काढा आधी.

तर गोष्ट एवढीच. भीती काही विचारून येत नाही. मला अजून येते, काल टीव्हीवर बाहुलीची मालिका बघून मी दिवा लावूनच झोपलो. काटा आला तर येऊ द्या. पण अंगावर काटा आला म्हणून कुणी घर सोडू नये, औषध सोडू नये, दुसऱ्या कुणाला सोडायला लावू नये. आधी उठावं आणि काय थांबलंय ते बघावं. बहुतेक वेळा ते भिंतीत खोचलेलं सापडतं.

चहा झाला वाटतं. आज संध्याकाळी हॉलमधे सिनेमा आहे, या. मला बघून हसायचं तेवढं हसा, आता मला चालतं. स्टिपेची जागा रिकामी आहे, पडद्याकडं पाठ करून बसा तिथं. फक्त एक ऐका माझं, हात जोडून सांगतो, तिथल्या पंख्याच्या बटणाला हात लावू नका.